कानपिळी

कान माझ्या चिमटीत होता आणि मी तो सोडायला तयार नव्हतो.

"मागा आता काय मागायचं ते," भटजी म्हणाले. "होम विझायला आला."

कान नवरदेवाचा होता. इंद्रजित सासने, कोल्हापूरचे. नवरी म्हणजे माझी धाकटी बहीण वैजयंती. होमापाशी नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून तंबी द्यायची, आणि नवऱ्यानं त्याला काहीतरी देऊन आपला कान सोडवून घ्यायचा, ही आपली रीत. बहुतेक ठिकाणी हे सगळं हसण्यावारी जातं. कानाला बोट लागतं न लागतं तोच पाकीट पुढं येतं. कोल्हापूरकरांनीही सफारीचं कापड ताटात घालून तयार ठेवलं होतं.

"मला कापड नको," मी म्हणालो.

मांडवात खसखस पिकली. "अंगठी पाहिजे मेव्हण्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अंगठी पण नको."

फोटोग्राफर धावत पुढं आला. "दादा, असाच धरून ठेवा कान. फार नॅचरल येतंय."

नॅचरल येणारच. मी तो खराखुरा पिळत होतो.

का पिळत होतो ते सांगतो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, सगळेच जरा निवळलो आहोत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

माझा धंदा विम्याचा. एखादा माणूस रस्त्यानं चालला असला तर इतरांना तो माणूस दिसतो, मला त्याचा अपघात दिसतो. त्यामुळं अख्ख्या कराडात लोक मला बघून गल्ली बदलतात. बदलू देत. वडील गेले तेव्हा वैजू शाळेत होती. तिचा अभ्यास, तिची कबड्डी, तिचं आजारपण, सगळं मी बघितलं. वैजू म्हणजे माझा जीव, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. रागवायचंच काम जास्त केलं. ती ऐकायची नाही, हा भाग निराळा.

तर लग्नाच्या आधी, फेब्रुवारीत, उसाचा हंगाम ऐन भरात असताना मी विट्याच्या रस्त्याला स्कूटरवरून चाललो होतो. पुढं उसाची ट्रॉली. ओव्हरटेक करणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळं मी तिच्या मागं निमूट, पाचट अंगावर घेत चाललो होतो. समोरून दुसरी ट्रॉली येत होती. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला, काय होतंय कळायच्या आत एक बुलेट माझ्या शेजारून सुटली आणि दोन ट्रॉल्यांच्या मधून आरपार निघून गेली. त्या फटीतून मी शेळीसुद्धा नेली नसती.

धुरळ्यात एवढंच दिसलं. गाडी चालवणाऱ्याच्या अंगात निळा विंडचीटर, डोक्यावर उलटी टोपी, डोळ्यांवर गॉगल. तो विंडचीटर मी ओळखला. सुपारी फुटली त्या दिवशी इंद्रजितराव तोच घालून आमच्या दारात उभे होते. आणि मागं बसली होती वैजू. तिची पिवळी बांधणीची ओढणी भाऊबीजेला मीच घेतली होती. रस्त्यावरच्या सगळ्या पोरी बांधतात तशी तोंडाला, डोक्याला गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. उघडे तरी कुठं? गच्च मिटलेले होते. दोन्ही हातांनी पुढच्याची कंबर आवळून बिचारी जीव मुठीत धरून बसली होती.

हेल्मेट होतं. नव्हतं असं नाही. तिच्या कोपरात अडकवलेलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्कूटर कडेला घेतली आणि एका बाभळीला उद्देशून जे काही बोललो, ते इथं सांगण्यासारखं नाही.

रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "इंद्रजितराव आले होते काय गं आज?"

"आले होते की. रस प्यायला गेलो होतो."

"गाडी कशी काय चालवतात?"

वैजू भाकरी मोडता मोडता हसली. "फार सावकाश रे. कंटाळा येतो अक्षरशः."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! अजून लग्न व्हायचंय आणि पोरगी नवऱ्याला पाठीशी घालायला लागली. आईला सांगावं तर तिचा रक्तदाब. शिवाय ती लग्नच मोडून मोकळी झाली असती, आणि पोरगा एरवी सोन्यासारखा होता. नोकरी चांगली, बोलणं गोड, व्यसन नाही. पाव्हण्यांना निरोप पाठवावा तर कोल्हापूरकर रुसणार. वैजूशीच बोलावं, तर तिच्याशी वाद घालून आजवर आमच्या घरात कुणी जिंकलेलं नाही. आणि हे दोघं सत्यनारायण झाला की गगनबावड्याच्या घाटानं बुलेटवरून मालवणला जायच्या गोष्टी करत होते. घाटानं! मला रात्र रात्र ट्रॉल्या दिसायला लागल्या.

मग एकदा आमच्या एका पॉलिसीवाल्यानं सांगितलं, पुण्याच्या कुणी हुद्दार मॅडम आहेत, त्या गाडी नीट चालवायचं मोठं ट्रेनिंग देतात. ज्यांना गाडी येते अशांनाच देतात. हंगाम संपला की आपल्या कारखान्याचं उसाचं यार्ड मोकळं पडतं, तिथं मे महिन्यात त्यांचा वर्ग आहे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जावयाला चारचौघांत दम द्यायची आणि वर त्याला हसायला लावायची संधी भावाला जन्मात एकदाच मिळते. ती म्हणजे कानपिळी.

म्हणून मी तो कान सोडत नव्हतो.

"पाव्हणं," मी म्हणालो, "मला तुमचे तीन दिवस पाहिजेत. कारखान्याच्या यार्डात हुद्दार मॅडमचं ट्रेनिंग आहे, ते करायचं. अंगावर जाकीट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड, बूट, डोक्यावर हेल्मेट. कोपरावर नाही, डोक्यावर. ते झाल्याशिवाय मालवणला जायचं नाही. कबूल असेल तर कान सुटेल."

सनईवाल्यानं सनई खाली ठेवली.

नवरदेवाचे बापूकाका पुढं आले. भरघोस मिशा, फेट्याचा तुरा तट्ट उभा. "म्हंजे? आमच्या पोराला गाडी येत न्हाई म्हंतासा?"

"तसं नाही म्हणत."

"सातवीत हुता तवापासनं बुलेट चालवतोय त्यो!"

"तेच तर म्हणतोय मी."

"आमच्याकडं मेव्हणं घड्याळ मागत्यात, अंगठी मागत्यात. शिकवणी मागणारा ह्यो पयलाच बघितला!" बापूकाकांचा तुरा थरथरायला लागला. "वरात न्यायची का माघारी जायाचं, तेवढं सांगा."

आई मागून माझा सदरा ओढत होती. "श्रीरंगा, सोड रे. अरे, कान लाल झाला त्यांचा."

भटजी म्हणाले, "यजमान, समिधा संपल्या."

आता सोडावं, कापड घ्यावं, गप बसावं, असं वाटायलाही लागलं. पण डोळ्यांसमोर ती पिवळी ओढणी आली आणि माझी चिमूट आणखी घट्ट झाली.

आणि नवरदेव ओरडला, "कबूल!"

एवढ्या मोठ्यानं ओरडला की भटजी दचकले. मी वाकून नवरदेवाकडं बघितलं. राग नाही, लोभ नाही. उलट डोळ्यांत पाणी तरारलेलं. होमाचा धूर फार झाला होता.

"कबूल, दादा. तीन दिवस काय, आठवडा येतो. पण माझी एक अट हाय. वैजयंतीनं पण यायचं. मागं बसणाऱ्यानं कसं बसायचं, ते पण शिकाय पाहिजे का नको? आणि तुम्ही पण चला."

मुंडावळ्या सर्रकन बाजूला झाल्या. "मला कशाला?" वैजू म्हणाली.

"नवरीनं मध्ये बोलायचं नसतं," भटजी म्हणाले.

"मग नवऱ्याला पण सांगा की गप बसायला."

लोक हसले, बापूकाकांच्या मिशासुद्धा हलल्या, आणि मी कान सोडला. सफारीचं कापड शेवटी बापूकाकांनी माझ्या खांद्यावर टाकलंच. "घ्या. त्या शिकवणीला घालून जावा."

मे महिन्यात आम्ही तिघं यार्डात हजर. मैदान केवढं तरी, सावली फक्त वजनकाट्याच्या खोलीची. हुद्दार मॅडम उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण आवाज असा की कारखान्याचा भोंगा बंद ठेवला तरी चालेल. टेम्पोतून काढून त्यांनी प्रत्येकाच्या हातात काळं जाकीट दिलं, काळे हातमोजे, काळे पॅड, काळं हेल्मेट.

"मॅडम, ऊन बघा की," मी म्हणालो. विषय जावयाला धडा शिकवायचा होता. मला उकडवायचा नव्हता.

"घाम पुसता येतो, कातडी परत चिकटवता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "घाला."

घातलं. खांद्याला पॅड, कोपराला पॅड, पाठीला पाटासारखा कडक पॅड. मला वाकता येईना. मॅडम प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन हनुवटीखालच्या पट्ट्यात स्वतःची बोटं घालून बघत होत्या. "दोन बोटं गेली पाहिजेत, तिसरं नाही. तिसरं गेलं तर हेल्मेट तुमचं नाही, रस्त्याचं. माणूस इकडे पडतो, हेल्मेट तिकडे जातं." माझ्या पट्ट्यात त्यांची चारही बोटं गेली. नंतर त्यांनी पट्टा असा आवळला की मला दिवसभर आवंढा मोजून गिळावा लागला.

वैजूपाशी येऊन त्या थांबल्या. नव्या नवरीचा हिरवा चुडा, मनगटापासून वरपर्यंत गच्च. "बांगड्या काढा. काच आहे. पडलात तर हातात घुसेल."

आता आली का पंचाईत! नव्या नवरीचा चुडा काढायचा म्हणजे काय गंमत आहे? इंद्रजितराव माझ्याकडं बघायला लागले, मी इंद्रजितरावांकडं. शेवटी मी आईला फोन लावला. आईनं ऐकून घेतलं, न घेतलं, आणि ती सुरूच झाली. लग्न होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, हे काय अभद्र, त्या बाईला काही रीतभात आहे का, तिचं लग्न तरी झालंय का.

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. "काकू, माझं लग्न झालंय. मला एक सांगा. चुडा आणि हात, यातलं एकच वाचवायचं असेल तर काय वाचवू?"

फोनमधून कुकरची शिट्टी इकडंपर्यंत ऐकू आली.

"हात," आई म्हणाली. "पण बांगड्या रुमालात बांधून जावईबापूंच्या खिशात ठेवा. आणि शिकून झालं की त्यांनीच परत घालायच्या, सांगा त्यांना."

तसं झालं. पुढचे तीन दिवस इंद्रजितराव चालले की खिशातून किणकिण ऐकू यायची.

वर्ग सुरू झाला. माझी स्कूटर बघून मॅडमनी मला यार्डाच्या पार पलीकडच्या टोकाला चार-दोन स्कूटरवाल्यांत लोटून दिलं. मुख्य मैदानात बुलेटवाले. तिथून मला सगळं दिसत होतं, पण सगळेच काळे. काळं जाकीट, काळं हेल्मेट, काळी काच. तरी एवढं अंतर असूनही आमची दोन माणसं मी बरोब्बर ओळखली. पहिल्या दिवशी नुसतं बसायचं कसं, ते झालं. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी मागं बसणाऱ्यांनाही गाडी हातात घ्यायला लावलं. इंद्रजितरावांच्या बुलेटवर आता आळीपाळीनं दोघं बसत होते. एका माणसानं गाडी हातात घेतली की सुसाट. मॅडमची शिट्टी, मॅडमची ओरड, "वेग कमी! वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही! कितीदा सांगू?" दुसरं माणूस दोन्ही पाय खाली घासत, गणपती विसर्जनाला नेल्यासारखी गाडी चालवत होतं. सुसाट कोण आणि गणपतीवालं कोण, हे मला सांगायची गरजच नव्हती.

"इंद्रजितराव!" मी लांबून हात तोंडाशी धरून ओरडायचो. "सावकाश! मॅडम काय म्हणतात ते ऐका!"

सुसाट जाणारं माणूस मला हात करायचं आणि आणखी सुसाट जायचं. निगरगट्ट आहेत, मी मनाशी म्हणायचो. आणि माझी वैजू बघा कशी शहाण्यासारखी शिकतेय.

माझं स्वतःचं शिक्षण फारसं सांगण्यासारखं नाही. मॅडम माझ्या टोकाला आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पुढचा ब्रेक का दाबत नाही?"

"पुढचा दाबला की माणूस उलटतो."

"कुणी सांगितलं?"

कुणी म्हणजे? सगळ्यांनीच. वडिलांनी, मास्तरांनी, पंक्चरवाल्यानं. आमच्याकडं पोरगं सायकलला लागलं की त्याला पहिली ही तंबी. मी आयुष्यात कधी पुढचा ब्रेक दाबला नव्हता. मॅडमनी मला दोन्ही ब्रेक हळूहळू, पिळत आणत दाबायला लावले. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि मी उलटलो नाही. मला एकदम पोरकं पोरकं वाटलं. इतकी वर्षं मी निम्म्याच ब्रेकवर कराडात फिरत होतो, आणि लोकांना विमा विकत होतो.

मग लाल शंकू मांडले. त्यांच्या मधून नागमोडी जायचं. मी पहिल्या शंकूवर गाडी घातली. दुसऱ्यावरही घातली.

"शंकूकडे बघू नका!" मॅडम ओरडल्या.

"बघितलं नाही तर चुकवू कसा?"

"बघता म्हणूनच धडकता. जिकडे नजर, तिकडे गाडी. जे चुकवायचंय त्याच्याकडे बघायचंच नाही. जिथून जायचंय ती मोकळी जागा बघायची."

माझा सगळा धंदाच धडकण्याकडं बघण्यावर चाललेला. मी संध्याकाळपर्यंत एकूण एक शंकू आडवा केला.

तिसऱ्या दिवशी संपताना मात्र एक नवल घडलं. सुसाट माणसाची ओरड थांबली. वळणाआधी वेग कमी, मान वळलेली, गाडी अलगद आत, अलगद बाहेर. मॅडमनी शिट्टी वाजवली नाही, टाळी वाजवली. माझा ऊर भरून आला. कान पिळल्याचं सार्थक झालं, असं मी मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या स्कूटरवाल्याला काही कळलं नाही.

निघताना इंद्रजितराव माझे हात हातात घेऊन म्हणाले, "दादा, तुमचे उपकार जन्मभर न्हाई विसरणार." मला पोरगा फारच आवडायला लागला.

त्यांनी दोघांसाठी सगळा सरंजाम विकत घेतला, प्रवासापुरता चुडा पुन्हा रुमालात बांधला आणि ती मंडळी मालवणला निघाली. मी दिवसभर फोनकडं बघत बसलो. दुपारी तो वाजला.

"दादा, घाबरू नका," इंद्रजितराव म्हणाले. "पडलो."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? "वैजू? वैजू कुठाय? तिला द्या."

"ती जरा कामात हाय."

"कसल्या कामात?"

मग मला मागून आवाज ऐकू आला. "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे काय? वळणावर उजवीकडनं येतोस? खाली उतर! उतर खाली, सांगितलं ना!" असा आवाज अख्ख्या महाराष्ट्रात एकीचाच आहे. मला रडूच फुटलं. आनंदानं रडलो, लाज कसली?

आईला काही न सांगता मित्राची जीप घेऊन मी घाट उतरून खालच्या गावात पोचलो. एका डॉक्टरांचा छोटासा दवाखाना होता. दोघं बाकावर बसून कांदाभजी खात होते. वैजूच्या हनुवटीला एवढंसं खरचटलेलं. इंद्रजितरावांच्या मनगटाला डॉक्टर क्रेप बँडेज गुंडाळत होते. बाकी दोघं ठणठणीत.

दोघं ठणठणीत आहेत म्हटल्यावर माझा इतका वेळ दाबून धरलेला राग उसळला. मी सरळ जाऊन जावयाचा कान धरला. दुसऱ्यांदा. यावेळी होम नव्हता, भटजी नव्हते.

"तीन दिवस शिकवलं तरी तुमची मस्ती गेली नाही ना? माझ्या बहिणीचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

"दादा, अहो..."

"गप बसा! मी बोललो नाही इतके दिवस. सगळं बघितलंय मी! फेब्रुवारीत, विट्याच्या रस्त्याला, दोन ट्रॉल्यांच्या मधून! तुमचा निळा विंडचीटर, उलटी टोपी! आणि ही बिचारी मागं ओढणी गुंडाळून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत बसली होती!"

डॉक्टरांचा हात थांबला. वैजूनं भजं खाली ठेवलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"दादा," इंद्रजितराव अगदी हळू म्हणाले, "ओढणीत मी हुतो."

मला काही समजलं नाही.

"धुळीनं शिंका येत्यात मला. म्हणून हिनं ओढणी बांधली तोंडाला. विंडचीटर हिच्या अंगात हुता, वारं लागतंय म्हणाली. आणि डोळे..." ते जरासे लाजले. "दोन ट्रॉल्यांच्या मधनं जाताना कोण उघडं ठेवंल, दादा?"

"आणि कोपरातलं हेल्मेट?"

"हिचंच. घाल घाल म्हणून हातात घेऊन बसलो हुतो. वेणी मावत न्हाई म्हणाली."

मी वैजूकडं बघितलं. ती भज्यांच्या कागदाची घडी घालत होती.

"मग यार्डात... ते सुसाट..."

"हीच. मला गाडी सातवीपासनं येतीय खरी, पण जोरात न्हाई येत."

"अहो, मग बोलायचं नाही का कधी!"

"कुणाला? हिला? एकदा बोललो, हळू चालव म्हणून. म्हणाली, उतर, चालत ये. उतरलो की. चालत आलो." माझ्या चिमटीतला कान तसाच होता, मला सोडायचं भानच नव्हतं. "तुम्हाला सांगावं तर लग्न मोडंल म्हणून भ्या वाटायचं. आणि त्या दिवशी होमापाशी तुम्ही कान धरला आणि म्हणाला, ट्रेनिंग! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, दादा."

"मला वाटलं, धूर झाला."

"धूर न्हवता, दादा."

मी कान सोडला. चांगला लालभडक झाला होता. माझ्या आयुष्यात मी दोनच वेळा कुणाचा कान पिळला, आणि दोन्ही वेळा चुकीच्या माणसाचा.

"आज पडलीस कशी?" मी वैजूला विचारलं. आवाज चढवायची ताकद उरली नव्हती.

"हळूच होते रे," ती म्हणाली. "शप्पथ. वळणाआधीच कमी केली होती. तो टेम्पो आमच्या बाजूनं आला. पूर्वीची मी असते तर त्याच्याकडंच बघत राहिले असते. आज नाही बघितलं. कडेची मोकळी जागा बघितली आणि तिकडं गेले. दोन्ही ब्रेक दाबले, तसेच, हळूहळू. पण तिथं खडी होती. घसरलो." तिनं हनुवटीवरचं खरचटलेलं चाचपलं. "पूर्वीच्या वेगात असते तर कड्याच्या अलीकडं थांबले नसते, दादा."

तिनं शेजारचं जाकीट उचलून मला दाखवलं. खांद्यावरचं जाड कापड फाटून उडालं होतं, आतला पॅड उघडा पडला होता, त्यावर खडीचे ओरखडे होते. एवढंच. त्याच्या आत जो खांदा होता, तो समोर बसून मला हे दाखवत होता. टेबलावर तिचं हेल्मेट होतं. गालापाशी पांढरी रेघ उमटली होती, लांबच लांब. मी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"आईला सांगणार आहेस?" तिनं विचारलं.

"चुडा कुठाय?"

इंद्रजितरावांनी खिशातून रुमाल काढला. गाठ सोडली. एकही बांगडी फुटली नव्हती. तो माणूस पडताना त्या खिशावर हात दाबून पडला होता, म्हणूनच मनगट मुरगळलं होतं.

डॉक्टर हसायला लागले. इंद्रजितराव हसायला लागले. वैजूपण हसायला लागली आणि तिला हसताना बघून मला पुन्हा सगळा राग आला. तो फेब्रुवारी, त्या रात्र रात्र दिसणाऱ्या ट्रॉल्या, बापूकाकांचा तुरा, आईनं ओढलेला सदरा, आणि हे सगळं जिच्यापायी, ती इथं बसून हसतेय.

"थांब," मी म्हणालो. "रीत गेली खड्ड्यात. तुझाच कान पिळतो आता." आणि मी उठलो.

वैजू बसल्या जागी मागं सरकली. तिनं शेजारचं नवऱ्याचं हेल्मेट उचललं, त्याच्यावर एकही ओरखडा नव्हता. वेणी पुढं घेतली, हेल्मेट डोक्यात घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला आणि काच खाली ओढली.

माझा हात तसाच हवेत राहिला. पिळायला कानच नव्हता. आत दोन डोळे हसत होते, आणि मला वाटतं, थोडे भरलेही होते. माझे तर भरलेच होते.

मग मी तो हात तिच्या हनुवटीखाली नेला आणि पट्टा तपासला.

दोन बोटं गेली. तिसरं गेलं नाही.